पूरनाल्यावर मोरी नको, पूलच हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पूर्णा खोऱ्यातील आमच्या गावात शिरणारे पुराचे पाणी बाहेरून वळवण्यासाठी काही वर्षांपूर्वी खोदलेल्या पूरनियंत्रण नाल्याने आपले काम चोख केले आहे. मात्र त्याच नाल्यामुळे झडीच्या दिवसांत पलीकडचे शिवार आणि तालुक्याचा रस्ता गावाला पारखा होतो. आता तेथे पूल होणार असल्याचे समजल्याने गावात समाधान आहे. तथापि, मोजमापाला आलेल्या मंडळींच्या बोलण्यातून कळले ते असे, की प्रत्यक्षात सिमेंटच्या चार नळ्या टाकून वर मुरमाचा भराव करण्याचा, म्हणजे पाइप मोरीचाच विचार आहे. त्याला आमची हरकत आहे.

नाल्याचा तळ सुमारे आठ मीटर रुंद आणि खोली अडीच मीटर आहे. तिरप्या काठांचा हिशेब सोडून दिला तरी पाण्याला वीस चौरस मीटर वाट मिळते. एक मीटर व्यासाच्या नळीचे तोंड पाऊण चौरस मीटरहून किंचित मोठे, म्हणजे चार नळ्या मिळून जेमतेम तीन चौरस मीटर. उरलेले पाणी मागे तुंबून ज्या वस्तीसाठी नाला खोदला तिच्यातच शिरणार.

शिवाय पुरात नुसते पाणी येत नाही. उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडे), मुळासकट उपटलेली बेशरमाची झुडपे, कुंपणाच्या तारा हे सारे वाहत येते. शेजारच्या पांदण रस्त्यावरील जुन्या मोरीत गेल्या पावसाळ्यात एक पऱ्हाटी आडवी अडकली, तिच्यावर तुराट्या साचल्या, त्यांत ठिबकच्या नळ्यांचे भेंडोळे गुंतले आणि पाहता पाहता मोरीचे तोंड बुजले. पाणी रस्त्यावरून गेले व ओसरल्यावर भरावाचा मुरूम खालच्या सोयाबीनमध्ये पसरलेला दिसला. त्या शेतकऱ्याचे नुकसान कोणत्या खात्याच्या हिशेबात धरायचे, हे अद्याप ठरलेले नाही.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. सातपुड्यात जोराचा पाऊस झाला की पूर्णेला मिळणाऱ्या नद्या एकाच वेळी भरून येतात. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांनी त्याचा तडाखा सोसला आहे. अशा वेळी पूर्णा फुगली की नाल्याचे पाणी पुढे सरकत नाही, उलट मागे चढते. त्यामुळे केवळ नाल्याच्या पाणलोटावर पडणारा पाऊस धरून पुलाची उंची ठरवणे पुरेसे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार ३० ते ३०० घनमीटर प्रतिसेकंद विसर्गाच्या प्रवाहावरील उंच पुलाखाली महत्तम पूरपातळीच्या वर किमान ९०० मिलिमीटर मोकळी जागा लागते. ही पूरपातळी पूर्णेचा फुगवटा धरूनच काढावी, आणि नाल्याच्या मधोमध खांब न घेता एकाच गाळ्यात पूल बसतो का, हे आधी तपासावे.

आमचा भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे भूजल खारे असलेल्या पट्ट्यात येतो. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे पूल जागेवर राहतो व जोडरस्ता खचतो. खारे पाणी काँक्रीटमधील लोखंडही लवकर खाते. पायाची खोली आणि काँक्रीटची प्रत ठरवताना इतर भागांतील नकाशा येथे जसाच्या तसा लावू नये.

पुलाला मोरीपेक्षा खर्च अधिक येईल, हे मान्य आहे. निधी खरोखरच नसेल तर नाल्याच्या तळालगत रपटा, म्हणजे पुराचे पाणी वरून जाऊ देणारा ठेंगणा पक्का रस्ता बांधावा. पुराच्या वेळी वाहतूक थांबेल, शाळकरी मुलांची व रुग्णांची अडचण कायम राहील, पण निदान पाण्याची वाट तरी अडणार नाही. फक्त त्या रपट्याला उद्घाटनाच्या फलकावर पूल म्हणू नये.

नाला एका खात्याचा आणि रस्ता दुसऱ्या खात्याचा असल्याने दोन्ही खात्यांच्या अभियंत्यांनी एकत्र स्थळपाहणी करावी आणि निविदा काढण्यापूर्वी नकाशा व विसर्गाचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढीच मागणी आहे. मोठ्या पुराच्या खुणा शाळेच्या भिंतीवर आणि देवळाच्या पायऱ्यांवर अजून दिसतात. नाला कोरडा आहे तोवर ही पाहणी झाल्यास त्या दाखवण्यासाठी गावातील जाणती मंडळी सोबत येतील.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. अकोला