ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी

प्रिय मन्या,

काकांचे सगळे रिपोर्ट नीट वाचले. कॅन्सर शब्द ऐकून घरात काय झालं असेल ते कळतंय रे, पण हा खरंच लवकर सापडलाय. अन्ननलिकेच्या बाबतीत असं फार कमी वेळा होतं, घास अडकायला लागेपर्यंत बहुतेकांना पत्ताच नसतो आणि तोवर गाठ बरीच वाढलेली असते. म्हणून अन्ननलिका काढून जठर वर ओढून घ्यायचं जे मोठं ऑपरेशन सुचवलंय ना, त्याची तारीख घ्यायच्या आधी ईएसडी, म्हणजे पोट न फाडता दुर्बिणीतूनच कॅन्सरचा भाग सोलून काढणं, ते करणाऱ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना एकदा दाखवच.

का ते सांगतो. बायोप्सीत कॅन्सर आहे एवढं कळतं, किती खोल गेलाय ते नाही कळत, आणि इतक्या सुरुवातीला सीटी स्कॅनमध्येही ते दिसत नाही. सगळा निर्णय तर खोलीवरच आहे! वरच्या अस्तरातच असेल तर लिम्फ नोडमध्ये (लसिकागाठींत) जायचा धोका कमी, त्याखालच्या थरात, म्हणजे सबम्युकोसात, शिरला की हा धोका झपाट्याने वाढतो. काकांच्या स्क्वामस प्रकारात सबम्युकोसात २०० मायक्रॉन ही हद्द धरतात, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग फक्त.

आमच्या एंडोस्कोपी रूममध्ये हे जवळून बघतो म्हणून लिहितोय. पेशंटला भूल देऊन तोंडातून दुर्बीण घालतात, आत आयोडीन फवारतात, चांगलं अस्तर तपकिरी होतं आणि आजारी भाग फिकट पिवळा राहतो, एरवी धड न दिसणाऱ्या कडा एकदम उठून दिसतात. मग भोवती खुणा करून खाली निळसर पाणी टोचतात, तो भाग फुगून स्नायूपासून वर उचलला जातो आणि बारीक चाकूने हळूहळू सोलत अख्खा एकच तुकडा काढतात. तो बोर्डवर ताणून टाचण्यांनी लावतात, नाहीतर फॉर्मेलिनमध्ये आकसतो, कडा वळतात आणि पॅथॉलॉजिस्टला नीट मोजता येत नाही. खरी स्टेज या तुकड्यावरून कळते, म्हणजे ही ट्रीटमेंट पण आहे आणि तपासणी पण.

समजा रिपोर्टमध्ये खोल गेलेला निघाला किंवा रक्तवाहिन्यांत, लिम्फच्या नळ्यांत पेशी दिसल्या, तर ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशनचा रस्ता उघडाच आहे. ईएसडी फुकट गेली असं तेव्हा काकूंना वाटू देऊ नकोस.

धोके आहेतच. रक्तस्राव होऊ शकतो, भोक पडू शकतं, लहान असेल तर बहुतेक वेळा आतूनच क्लिप लावून बंद करतात. मला जास्त काळजी अन्ननलिका आकसण्याची वाटते. डाग घेराच्या तीन चतुर्थांशाहून जास्त पसरला असेल तर जखम भरताना नळी अरुंद होते, गिळताना त्रास होतो, मग स्टिरॉइड देतात, बलूनने पुन्हा पुन्हा रुंद करावी लागते. काकांचा डाग घेराच्या किती भागावर आहे हे स्कोपीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नाही, ते आधी विचार.

आणि सिगरेट पूर्ण बंद, दारूही. उरलेल्या अस्तरात नवीन डाग येऊ शकतो, त्यासाठीच नंतर ठरल्या वेळी स्कोपी करायची असते, बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही. घसा आणि तोंडही तपासून घ्या.

स्कोपीचे फोटो आणि बायोप्सीच्या स्लाइड्स मागून घे, सेकंड ओपिनियनला त्या लागतातच. अपॉइंटमेंट मिळाली की कळव, मी येतो सोबत.

तुझा,
बंड्या