वाटेतल्या खुर्चीबद्दल

आदरणीय अस्करीदादा,
सप्रेम नमस्कार.

केनियातील लाइकिपिया पठारावर, ओल पेजेटा या खासगी अभयारण्यातल्या ज्या लॉजवर आम्ही उतरलो होतो, तिथे अंधार पडल्यावर पाहुण्यांनी एकट्याने तंबूबाहेर पडायचे नाही असा नियम आहे. जेवणघरापासून तंबूपर्यंत विजेरी घेऊन सोबत करायची ती तुम्ही. ‘अस्करी’ हा पहारेकऱ्यासाठीचा स्वाहिली शब्द आमच्या ‘लष्कर’ शब्दाचा नातलग, हे मला परतल्यावर कळले.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. पहिल्या रात्री ती अर्ध्या वाटेत थांबली आणि आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झाला म्हणून ओशाळली. तुम्ही ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, एवढेच म्हणालात. दुसऱ्या रात्री नेमक्या त्याच ठिकाणी एक कापडी खुर्ची मांडलेली होती. आम्ही कोणालाही काही सांगितले नव्हते. आई बसताच तुम्ही आमच्याकडे पाठ करून झाडीवर विजेरीचा झोत फिरवत उभे राहिलात. जणू आम्ही थांबलो होतो ते तुमच्या टेहळणीसाठी, तिच्या गुडघ्यांसाठी नव्हे. खुर्ची कोणीही आणून ठेवली असती, पण ती पाठ फिरवणे मी अजून विसरू शकलेले नाही.

याआधी एका प्रवासी कंपनीने ‘आईंना घरीच ठेवा’ असा सल्ला दिला होता. दुसऱ्या एका आलिशान लॉजने सर्व कल्पना देऊनही उतारावरचा सर्वांत लांबचा तंबू दिला आणि तक्रार केल्यावर फळांची टोपली पाठवली. टोपली मोठी होती. अंतर तेवढेच राहिले.

तुमच्याकडेही शुभ्र चादरी होत्या, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी होती, सकाळी माउंट केनियाचे शिखर दिसत होते. त्या सगळ्याचे पैसे आम्ही मोजले होते; खुर्ची त्या हिशेबात कुठेच नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही नाजिन आणि फातू यांना पाहिले. सुदान हा नर १९ मार्च २०१८ रोजी गेल्यापासून उत्तरी पांढऱ्या गेंड्यांपैकी या मायलेकीच काय त्या उरल्या आहेत. नाजिनचे मागचे पाय अधू आहेत हे ऐकताच आई म्हणाली, “म्हणजे माझ्यासारखीच की!” आदल्या रात्रीची खुर्ची नसती, तर स्वतःच्या पायांवर असा विनोद तिला सुचला नसता.

निघताना तुम्ही बक्षिसी हातात न घेता सर्वांच्या सामाईक पेटीकडे बोट दाखवलेत, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या नावे देण्यासारखे हे पत्रच उरले. त्याचा स्वाहिली अनुवाद करून पाठवत आहे. सोबत आईने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवतात तसे शिवलेले एक आसन आहे. ते त्याच खुर्चीवर घालून तुम्ही स्वतः बसावे, असा तिचा निरोप आहे. त्या तिन्ही रात्री तुम्ही एकदाही बसला नाहीत, हे तिने पाहून ठेवले होते.

आपली कृतज्ञ,
तिची मुलगी