नियम मागून आले तर बिघडतं ते असं

नौपाडा, ठाणे
8 जून 2025

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "कायदा झालाय ना, मग नियम मागून आले तर बिघडलं कुठं?" सोसायटीच्या ऑफिसात माणसं ताटकळली होती म्हणून फोन आवरता घेतला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

आमचंच बघ. सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र 13-ब प्रकरण आलं 2019 मध्ये. त्याच्या नियमांचा मसुदा निघाला या एप्रिलमध्ये. हरकती-सूचनांची मुदत 15 मेला संपली आणि आता पुन्हा सामसूम. तोवर आम्ही 1961 च्या नियमांवर आणि उपविधींवर, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमावलीवर, गाडा हाकतोय.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे, काका गेल्यानंतर, मेंटेनन्सचे 40,000 रुपये थकले. उपविधींप्रमाणे व्याज 21 टक्के, म्हणजे वर्षाचे 8,400. मसुद्यात दर आहे 12 टक्के, म्हणजे 4,800. काकू कात्रण घेऊन आल्या, "पेपरात तर बारा टक्के आलंय." खरंय, आलंय. पण सेक्रेटरी म्हणून मला बिल 21 टक्क्यांनीच काढावं लागतं, मसुद्यावर वसुली होत नाही. मधले 3,600 रुपये सरकारच्या खिशातून जात नाहीत, बंड्या, काकूंच्या पेन्शनमधून जातात. सभेला ऑनलाइन हजर राहायची सोयही त्याच मसुद्यात आहे. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या आमच्या जुन्या इमारतीला तिची किती गरज आहे, तुला सांगायला नको.

दिल्लीतही तेच. नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर 2019 चा, नियम आले मार्च 2024 मध्ये. डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 चा, नियमांचा नुसता मसुदा यायलाच जानेवारी 2025 उजाडला. कायद्यानंतर सहा महिन्यांत नियम करावेत असा संसदेचा दंडक आहे, पण अधीनस्थ विधान समितीकडून, म्हणजे अशा नियमांवर नजर ठेवणाऱ्या संसदेच्या समितीकडून, मुदतवाढ मागता येते आणि ती मागितली जाते.

कारणं मलाही कळतात. मध्ये करोना होता, 2024 मध्ये दोनदा आचारसंहिता लागली. लोकांच्या हरकती नीट वाचायला वेळ लागत असेल तर खुशाल लागू दे, घाईत केलेला नियम आम्हालाच निस्तरावा लागतो. माझा राग आहे तो न सांगता थांबण्यावर. फाइल सहकार खात्यात आहे की विधी व न्याय विभागात, कोणत्या मुद्द्यावर अडलीय, हे कुणी सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच की मुदत कायद्यातच लिहावी. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात ती आहे, लागू झाल्यापासून एका वर्षात नियम. आपल्या राज्याचे आले 2016 मध्ये. मुदत चुकलीच, पण चुकली हे बोट ठेवून दाखवता तरी आलं. आमच्या बाबतीत कशावर बोट ठेवू?

तू इतकी वर्षं मंत्रालयात काढलीस. हरकतींची मुदत संपल्यावर मसुदा कुठल्या क्रमाने फिरतो, ते मला टेबलागणिक लिहून पाठव. त्यावरून माहिती अधिकाराचा अर्ज नेमका कुणाकडे करायचा ते ठरवतो. आमच्या सोसायटीच्या हरकतींची प्रत सोबत जोडलीय, तीही वाच आणि कच्चं काय राहिलं ते स्पष्ट सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दादू