यंदा उन्हाळ्यात पुण्याला येऊ नका

ती. नाना आणि ती. सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने पहिल्याच वाक्याला "बरं बरं, तुझ्या सोयीने कर" म्हणून विषय संपवला असता आणि रात्रभर जागी राहिली असती. म्हणून लिहून कळवते. यंदा एप्रिलची महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं मी काढलेली नाहीत. यंदाचा उन्हाळा तुम्ही सावद्यालाच काढायचा, आपल्या घरात. दादाशी बोलून झालंय, त्यालाही पटलंय.

आता आत्या काय म्हणेल, धरणगावचे काय म्हणतील, हे मनात आणू नका. कोणी विचारलं तर सांगा की बेबीनेच ठरवलं. इथली तुमची खोली तशीच आहे. नानांचा वाचायचा चष्मा खिडकीत आहे, आईची जपमाळ देवाजवळ आहे. तुमच्या मनात आलं तर मेच्या भर उन्हातही मी गाडी करून न्यायला येईन, एक शब्द विचारणार नाही. तुम्ही इथे असलात की घर भरल्यासारखं वाटतं, आणि यंदा ते रिकामं राहणार याचं मला वाईट वाटतंय. तरीही मी हेच ठरवलंय, कारण गेल्या उन्हाळ्यात मी तुमच्याकडे बघत होते.

नाना पहाटे साडेपाचला आंघोळ करून तयार, आणि पुढे दिवसभर करायला काही नाही. पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून खालच्या वॉचमनची खुर्ची डुगडुगतेय हे तुम्हीच शोधून काढलंत, पण ती नीट करायला घरात साधी पटाशी नव्हती. आई, तू रोज शेजारच्या वहिनींना फोन लावून मोगऱ्याला पाणी घातलं का विचारायचीस, आणि त्या हो म्हणाल्या तरी तुझं समाधान होत नसे. इथे ऊन कमी, एसी आहे, जेवण वेळेवर. एवढं सगळं असून जूनमध्ये गाडीत बसवलं तेव्हा तुम्ही दोघं थकलेले दिसलात. आणि फेब्रुवारीत मी सावद्याला आले तर नाना जुन्या मातीच्या धाब्याच्या सागाच्या कडीला रंधा मारत शिट्टी वाजवत होते. तुमची ती शिट्टी मी कितीतरी वर्षांनी ऐकली.

डॉक्टरांशीही बोलले. त्यांचं म्हणणं, काम सोडू नका, वेळ बदला. वय झालं की तहान लागायची जाणीव कमी होते आणि घामही पूर्वीसारखा येत नाही. म्हणून तरुण माणसाला जे ऊन नुसतं नकोसं वाटतं ते सत्तरीच्या माणसाला आडवं करतं. त्यात नानांची बीपीची गोळी लघवीवाटे पाणी बाहेर टाकणारी. ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. कडक ऊन सुरू व्हायच्या आत तिथल्या डॉक्टरांना दाखवून यायचं, डोस बदलायचा का, पाणी आणि मीठ किती घ्यायचं, हे त्यांनाच विचारायचं. आई, हे तुझ्यावर सोपवते, कारण नाना "विचारलं" म्हणतील आणि विचारलेलं नसेल.

नाना, आता तुमच्या सुतारकामाचं. मागची पत्र्याची शेड एप्रिल-मे दोन्ही महिने बंद. बाहेर 45 अंश असताना तापलेल्या पत्र्याखाली काय होतं हे भुसावळच्या लोको शेडमध्ये उभा जन्म काढलेल्या माणसाला मी सांगायला नको, पण तेव्हा तुम्ही तिशीत होतात. मी मिस्त्रींशी बोलून ठेवलंय. पाडवा झाला की ते पश्चिमेकडच्या वट्ट्यावर बांबू रोवून शेडनेट टाकतील आणि तुमचं बाक, शिकंजा तिकडे हलवतील. पैसे दिलेले आहेत, तो विषय नको. सकाळी त्या बाजूला घराचीच सावली असते आणि वर निंब आहे, त्यामुळे साडेनऊपर्यंत तुम्हाला निवांत काम करता येईल. साडेनऊला हत्यारं आत. दोन बोटं काम राहिलंय म्हणून बसायचं नाही.

आणखी एक, रागावू नका. त्या दिवाळीनंतर तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता. पटाशी निसटून बोट कापलं तर रक्त लवकर थांबणार नाही. स्वच्छ फडकं घट्ट दाबून दहा मिनिटं धरायचं, मध्येच उचलून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा आणि गोळीचं नाव आधी सांगायचं. उन्हासाठी गळ्यात उपरणं असतंच तुमच्या. ड्रिल किंवा ग्राइंडर सुरू करायच्या आधी ते काढून खुंटीला लावायचं. सागाचा भुसा फार बारीक उडतो, तर नाकाला मास्क हवाच. करोनातले ढीगभर मास्क माळ्यावर पडलेत.

चिमण्यांच्या खोक्यांबद्दल विचारत होतात ना? मी नीट विचारून घेतलंय. भोक 32 मिलिमीटरचं ठेवा, त्याहून फार मोठं केलं तर साळुंक्या घुसतील. भोकाखाली बसायला दांडी लावायची नाही. चिमणीला तिची गरज नसते, पण पिल्लांवर डोळा असलेल्या कावळ्याला आणि मांजराला ती सोयीची होते. आतून रंग नको, पॉलिश नको, फळी रंधा न मारलेली खरबरीत असू द्या, म्हणजे पिल्लांना नखं रोवून वर चढता येतं. वरच्या बाजूला हवेसाठी दोन-तीन बारीक भोकं. आपल्याकडच्या उन्हात पातळ प्लायवूडचं खोकं भट्टी होतं; तुमच्या कडीतली पाऊण इंची फळी त्यासाठी उत्तम. टांगायचं आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला. आणि टांगायला स्वतः शिडीवर चढायचं नाही. जिन्याचं प्रकरण मी विसरलेली नाही. केळीच्या मळ्यातून सालदार आला की त्याला सांगा, नाहीतर माझी वाट बघा.

निंबाची ती वाळलेली फांदी तोडू नका एवढं मात्र ऐकाच. तुम्हाला तिच्यात करंडीचा दांडा दिसत असेल, मला माहीत आहे. पण फेब्रुवारीत मी तिच्याखाली उभी होते तेव्हा तांबट पक्षी तिथेच ठोकत होता. तो वाळक्या, मऊ झालेल्या फांदीतच घर कोरतो, हिरव्या लाकडात त्याची चोच चालत नाही. तुमच्यासारखाच लाकडातला कारागीर आहे, त्याचा हिस्सा राहू द्या. उन्हाळाभर त्याची टुक टुक ऐकत तुम्ही रंधा मारताय, हे डोळ्यांपुढे आणलं की मला इथे ऑफिसात बरं वाटतं.

पालच्या जंगलात मात्र मोटारसायकलवर जायचं नाही. 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा, ते नामशेष झालं असं वाटलेलं छोटं घुबड, 113 वर्षांनी पुन्हा दिसला, ते कात्रण तुम्ही अजून ट्रंकेत जपून ठेवलंय आणि यावल अभयारण्यात तो एकदा तरी बघायचाय, हे मला ठाऊक आहे. पण मे महिन्यात सातपुड्याच्या उन्हात दुचाकीवर मुळीच नको. नोव्हेंबरात मी गाडी घेऊन येते, आपण सगळे जाऊ, येताना हतनूरच्या पाण्यावरची बदकंही बघू. तोवर वट्ट्यावरून जे दिसतं ते डायरीत लिहा. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ती गंमत नातवाला दाखवायची म्हणून तो येणारच आहे सुट्टीत. काठी दाराजवळ सावलीतून दिसेल अशी रोवा, उन्हात उभं राहायला नको.

आई, तुझी बाग. गुडघे टेकून खुरपायचं आता बास. मिस्त्री न्हाणीघरामागे दोन फूट उंच विटांचा वाफा बांधणार आहेत, म्हणजे शेजारी स्टुलावर बसून तुझे हात मातीत पोचतील. नाना फळ्यांचा करतो म्हणत होते, पण ओल्या मातीला टेकलेलं लाकूड उधई खाते, आणि ते लाकूड स्टुलासाठी जास्त मोलाचं आहे. स्टूल नानांनी करायचं, तुझ्या मापाचं, टेकायला पाठ असलेलं. त्या वाफ्यात भेंडी, गवार लाव, कडेला गिलक्याचा वेल मांडवावर चढव. वांग्यांची घाई करू नकोस. आसोद्याहून आणलेलं भरिताच्या वांग्यांचं बी पावसाळ्यापर्यंत बरणीत राहू दे. मातीवर केळीच्या वाळलेल्या पानांचा जाड थर दे, ओल टिकते. वाफ्याच्या मधोमध जुना माठ गळ्यापर्यंत पुरून भरून ठेव आणि तोंडावर झाकण ठेव. माठ झिरपत राहतो आणि मुळांना हवं तेवढं पाणी मिळतं, तुला रोज बादल्या उचलाव्या लागत नाहीत. पाणी घालायचं ते उजाडताना किंवा सूर्य बुडाल्यावर. मोगऱ्याला तेवढं ऊन लागतंच, त्याच्यावर नेट टाकू नकोस, नाहीतर कळ्या धरणार नाहीत.

औषध फवारायचं नाही. चिमण्या पिल्लांना अळ्या-किडे भरवतात, दाणे नाही. किडे मेले की नानांची खोकी रिकामीच राहतील. फारच कीड पडली तर मागच्या वर्षीच्या सुकवलेल्या निंबोळ्या आहेत, लिटरला 50 ग्रॅम कुटून रात्रभर भिजव आणि गाळून संध्याकाळी मार. पाखरांसाठी मातीचं पसरट भांडं ठेव, दोन इंचांहून खोल नको, आत एक दगड, म्हणजे मधमाश्याही बुडत नाहीत. पाणी रोज बदल, आठवड्याला काथ्याने घासून काढ. कूलरच्या टाकीचंही तसंच, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात.

कूलर नवा पाठवते आहे, वाळ्याच्या ताट्यांचा. तो चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, कोंडलेल्या खोलीत नुसता दमटपणा वाढतो. दुपारी बारा ते पाच दोघांनीही मागच्या धाब्याच्या खोलीतच पडायचं. ती खोली पाडली नाही हे किती बरं झालं. नानांनी तिथे बसून खोक्यांची चित्रं काढावीत, पटाशीला धार लावावी, आईने बिया निवडाव्यात. कैरीचं पन्हं, ताक, काय हवं ते घ्या, फक्त तहान लागायची वाट बघू नका. उठताना अंधारी आली, लघवी गडद झाली तर त्या दिवशी बागही नाही आणि रंधाही नाही. आणि दोघांपैकी कोणी असंबद्ध बोलायला लागलं, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर मला फोन नंतर करा. आधी 108 ला लावा, अंगावर ओली चादर टाका, पंखा लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

लाकडाचा ढीग भिंतीपासून लांब, विटांवर उचलून रचा. उन्हात गारव्याला घोणस तिथेच येऊन बसते. हात घालायच्या आधी काठीने वाजवा. अंधारात बॅटरीशिवाय मागे जायचं नाही, आई, कढीपत्ता तोडायलासुद्धा नाही.

फार सूचना झाल्या. लिहिता लिहिता भुसावळच्या क्वार्टरचं अंगण आठवलं. संध्याकाळी पाणी मारून बाजा टाकायच्या, आई माठातलं पाणी उशाशी ठेवायची आणि नाना सेकंड शिफ्टहून येताना गाडीची वेळ सांगत यायचे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुम्ही मला झोक्याची फळी करून दिली होतीत, कडा घासून घासून गुळगुळीत, बेबीच्या फ्रॉकला काही लागायला नको म्हणून. तुमच्या बनियनला भुशाचा वास यायचा. मी त्या वासात झोपलेली मुलगी आहे नाना, तुमच्या हातातला रंधा मी कसा काढून घेऊ? आणि आई, तुझी बाग तरी कशी?

यंदाही आखाजीला मी येतेय, चांगली आठ दिवस. येताना सँडपेपर आणि चांगली 32 मिलिमीटरची ड्रिलची पाती आणीन, तोवर भोकं कोरू नका. खापरावरच्या पुरणपोळ्यांचा घाट मी घालणार, आई चुलीपुढे बसणार नाही. बिबड्या मात्र तुझ्याच हातच्या हव्यात, त्या पहाटे करून ठेव, नानांना गच्चीवर वाळत घालायला पाठवू नकोस, वहिनींची मुलं आहेत.

मिस्त्री आले की त्यांच्याशी जागेवरून वाद घालू नका नाना, नकाशा त्यांच्याकडे दिलाय. पत्र मिळालं की लगेच फोन करा आणि डॉक्टरांची वेळ कधीची घेतली ते सांगा.

तुमची लाडकी
बेबी