ग्रीनफर्डचा बंधारा

ग्रीनफर्ड, लंडन, रविवार रात्र

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, निसर्गातलं सगळं संपत चाललंय आणि आपण नुसतं बघत बसायचं." तुझा आवाज इतका थकलेला होता की मला काही बोलताच आलं नाही. आज संध्याकाळी मी आणि आई पॅराडाईज फील्ड्सला जाऊन आलो आणि आल्या आल्या लिहायला बसलोय.

जागा तुझ्या ओळखीची आहे. वेस्टवे क्रॉसच्या दुकानांना लागून असलेलं ते जुनं गोल्फचं मैदान, वीस-पंचवीस एकराचं. तू लहान असताना आपण खरेदी करून तसेच घरी यायचो, आत पाऊल कधी टाकलं नाही. तिथे आता बीव्हर राहतात, दातांनी झाडं तोडून पाण्यात बंधारे बांधणारे ते मोठ्या घुशीसारखे प्राणी. ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच जणांचं कुटुंब आणून सोडलं, पुढच्या वर्षी त्यांना पिल्लं झाली. आणि आणलं कुठून? तुझ्याकडून! स्कॉटलंडमधल्या टे नदीच्या खोऱ्यातून. डंडीत तू रोज जी नदी बघतेस, तिचीच ही लेकरं.

चारशे वर्षं हा प्राणी ब्रिटनमध्ये नव्हता. कातडीसाठी, मांसासाठी, शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या सुगंधी द्रव्यासाठी माणसांनी एकही शिल्लक ठेवला नाही. यॉर्कशरमधल्या बेव्हर्लीच्या नावात तेवढा तो राहिला. आपल्याकडे वड तुटून गेला तरी गावाला वडगावच म्हणतात, तसंच.

आम्ही स्वयंसेवकांबरोबरच्या फेरीला गेलो होतो. साडेसहाला अंधारून यायला लागलं होतं. आधी दिसला तो विलोचा बुंधा, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखा कुरतडलेला. खाली ढलप्यांचा सडा. एक उचलून बघितली, तर तिच्यावर दोन दातांच्या खाचा अशा स्वच्छ, की सुताराने पटाशी चालवावी. त्यांच्या दातांत लोह असतं, म्हणून ते नारिंगी दिसतात. तोडलेला विलो मरत नाही, बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात.

आणि मग तो बंधारा. काटक्या, चिखल, मुळं, बोरू, सगळं एकात एक गुंतवलेलं, आणि त्यातून पाणी थोडं थोडं पाझरत होतं. मी तिथून हललोच नाही गं. पावसाळा सरला की आमच्या गावी आबा सगळ्यांना ओढ्यावर घेऊन जायचे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडं शिवायची, एकावर एक रचायची. शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. इथे तेच काम चाललंय. पूर्वी जोराचा पाऊस झाला की कॉस्टन्स ब्रुक या ओढ्याचं पाणी धावत सुटायचं आणि स्टेशनच्या बाजूला तुंबायचं. आता ते आधी या डबक्यांत थांबतं, मुरतं आणि सावकाश पुढे जातं. डबक्यांमुळे किडे आले, किड्यांमागे पक्षी आणि वटवाघळं आली.

हे कोणी केलं, ते मला तुला सांगायचंय. ईलिंग वाइल्डलाइफ ग्रुप म्हणजे आपल्याच भागातले लोक, नोकऱ्या सांभाळून हे करणारे. त्यांनी कौन्सिलला सोबत घेतलं, महापौरांच्या निधीतून पैसे मिळवले, कुंपण घातलं. आज आम्हाला फिरवणाऱ्या बाई बस चालवून निवृत्त झाल्यात. आमच्यात एक पंजाबी आजोबा नातवाला घेऊन आले होते, एक सोमाली आई दोन मुलींसह होती. बाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि सगळे एका दमात गप्प झाले. पाण्यावर एक तपकिरी डोकं, मागे लाटेची रेघ, तोंडात फांदी. काठाला लागून तो खायला बसला, तर कच्ची काकडी खावी तसा कुरुम कुरुम आवाज. आईने माझा हात घट्ट धरला होता.

सगळीकडे इतकं सोपं नाही, हेही लिहितो. तुझ्या तिकडे टेच्या काठच्या सखल शेतांत यांच्या बंधाऱ्यांमुळे पाणी शिरतं, उभं पीक जातं, आणि परवाना काढून बीव्हर मारलेही जातात. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, त्या शेतकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. म्हणून तर तिथून उचलून इथे आणणं मला फार शहाणपणाचं वाटतं. आता फेब्रुवारी २०२५ पासून इंग्लंडमध्ये परवाना घेऊन त्यांना कुंपणाशिवाय मोकळं सोडायलाही परवानगी आहे. पहिली सुटका मार्चमध्ये डॉर्सेटच्या पर्बेकमध्ये झाली. दार उघडलं आणि ते पाण्यात गेले, बस एवढंच.

सई, तू थकली आहेस, ते खोटं नाही. पण एखाद्या रविवारी पुस्तकं बाजूला ठेव आणि टेच्या वरच्या अंगाला बसने जा. टोक काढल्यासारखा बुंधा दिसला की मला फोटो पाठव. डिसेंबरात आलीस की आपण तिघं संध्याकाळच्या फेरीला जाऊ, मी नाव नोंदवून ठेवतो. माझे जुने गमबूट तुला मोठे होतील, तुझ्या मापाचे घेऊन ठेवतो.

फराळाचं पार्सल आई उद्या टाकतेय, चकल्या वेगळ्या डब्यात आहेत. या पाकिटात ती ढलपी ठेवलीय, बाईंना विचारूनच घेतली. आता वाळलीय, तरी नाकाशी धरून बघ.

तुझा,
बाबा