शोकात हसू आले तर ते येऊ द्यावे

संपादक महोदय,

जवळचे माणूस गेल्यावर काय करावे याबद्दल जे लिहिले-बोलले जाते, त्यात दोनच सल्ले पुन्हा पुन्हा येतात. एक म्हणजे 'हवे तेवढे रडून घ्या' आणि दुसरा 'आता कामात मन रमवा, सावरा'. दोन्ही निम्मे खरे आहेत आणि अवेळी दिले तर दोन्ही त्रासच देतात. आम्ही शोकग्रस्तांच्या समुपदेशनाचे काम करतो. या दोन सल्ल्यांच्या मधे जे राहून जाते ते सांगण्यासाठी हे पत्र. शोक पुरता सरला की मग आनंद, असा क्रम प्रत्यक्षात नसतो. पहिल्या काही आठवड्यांतही मधूनच हसू येते, भूक लागते, एखादी बातमी वाचावीशी वाटते. या क्षणांना अडवले नाही तर सावरणे सोपे जाते. बहुतेक माणसे मात्र ते अडवतात, कारण त्यांना त्यांची लाज वाटते.

याला काही अंशी 'पाच टप्प्यां'ची कल्पना जबाबदार आहे. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार हा क्रम मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडला, पण तो स्वतः मृत्यूच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून. मागे राहिलेल्यांना तो नंतर लावला गेला. त्यामुळे माणसे स्वतःची परीक्षा घेऊ लागतात. मला राग कसा आला नाही? काल बरे वाटत होते, मग आज पुन्हा पहिल्यासारखे का? अशा प्रश्नांनी दुःखावर काळजीचे आणखी एक ओझे चढते.

१९९९ मध्ये शोकाचे अभ्यासक मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी मांडलेले चित्र अनुभवाशी जास्त जुळते. शोकाच्या दोन बाजू असतात. एका बाजूला आठवण, ओढ आणि रडू. दुसऱ्या बाजूला बँकेची कामे, स्वयंपाक, गेलेले माणूस करायचे ती कामे शिकणे, नव्या ओळखी आणि विरंगुळासुद्धा. निरोगी शोकात माणूस या दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो, कधी एकाच तासात चार वेळा. ही ये-जा थांबली की गाडी अडते. कोणी सकाळपासून रात्रीपर्यंत फोटोंसमोर बसते आणि दार उघडत नाही. कोणी दहाव्या दिवशी कामावर जाऊन रोज चौदा तास राबते आणि गेलेल्याचे नाव निघाले की खोलीतून उठून जाते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाची लोक 'किती धीराचा' म्हणून तारीफ करतात, म्हणून त्याच्याकडे लक्ष उशिरा जाते.

ही ये-जा ठरवून करता येते. आठवणींसाठी रोज वीस ते तीस मिनिटे राखून ठेवावीत. वेळ शक्यतो संध्याकाळी लवकरची असावी, झोपण्याच्या किमान दोन तास आधीची. त्या वेळात फोटो पाहावेत, आवाजाच्या ध्वनिफिती ऐकाव्यात, गेलेल्याला उद्देशून चार ओळी लिहाव्यात किंवा नुसते रडावे. घड्याळाचा गजर लावावा आणि गजर झाल्यावर करायचे काम आधीच ठरवून ठेवावे: दहा मिनिटे चालणे, अंघोळ किंवा एखाद्या ठरलेल्या माणसाला फोन. हे शेवटचे पाऊल बहुतेक जण गाळतात. मग 'एकदा सुरू झाले की आवरत नाही' ही भीती बळावते आणि पुढच्या दिवसापासून आठवण टाळली जाते. दिवसाच्या इतर वेळी उमाळा आला तर तो दाबू नये. येऊ द्यावा, ओसरू द्यावा आणि हातातले काम पुढे न्यावे. लिहिण्याबद्दल एक खुलासा करायला हवा. प्रत्येक शोकग्रस्ताला रोजनिशी लिहायला लावण्याची पद्धत पडली आहे, पण लिहिण्याचा शोकावर सर्वांनाच उपयोग होतो असे अभ्यासांत दिसलेले नाही. लिहून जड वाटत असेल तर वही बाजूला ठेवावी.

दुसऱ्या बाजूसाठी कागदावर दहा लहान गोष्टी लिहाव्यात. प्रत्येक पंधरा मिनिटांत होण्यासारखी हवी: झाडांना पाणी घालणे, एक गाणे ऐकणे, शेजारच्या मुलाला गणित समजावणे. रोज त्यांतली एक करायची, इच्छा असो वा नसो. करण्याआधी 'किती बरे वाटेल' याचा ० ते १० मध्ये अंदाज लिहायचा आणि केल्यावर प्रत्यक्ष आकडा. शोकात मन पुढचा अंदाज फार खालचा बांधते. दोन-तीन आठवडे हे आकडे शेजारी शेजारी दिसले की 'कशातच राम नाही' या वाक्याची धार आपोआप कमी होते. इच्छा होण्याची वाट पाहत बसले तर ती येत नाही, कारण अशा काळात आधी कृती होते आणि इच्छा तिच्यामागून येते. सुरुवात मोठ्या समारंभाने किंवा लांबच्या सहलीने करू नये. तिथून लवकर निघता येत नाही, शंभर जण तोच प्रश्न विचारतात आणि परतल्यावर माणूस महिनाभर बाहेर पडत नाही. जायचेच असेल तर स्वतःच्या वाहनाने जावे, अर्ध्या तासात निघण्याची मुभा आधीच सांगून ठेवावी. दोघे मिळून करायचो ती गोष्ट एकट्याने करणे सर्वांत अवघड असते. ती यादीत शेवटी ठेवावी आणि पहिल्यांदा कोणाला तरी सोबत न्यावे.

आता हसण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज बोनॅनो आणि डॅकर केल्टनर यांनी जोडीदार गमावलेल्यांच्या मुलाखतींमधले चेहऱ्यावरचे भाव बारकाईने तपासले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडले. मृत्यूनंतर साधारण सहा महिन्यांनी, गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना जे खरेखुरे हसले, म्हणजे ज्यांच्या डोळ्यांभोवतीचे स्नायूही हलले, त्यांची पुढची वाटचाल तुलनेने बरी होती. औपचारिक, ओठांपुरत्या हसण्याला हे लागू पडले नाही. म्हणून 'हसत राहा' असा उपदेश निरुपयोगी आहे, पण आपसूक आलेले हसू गिळायला लावणे त्याहून वाईट. हसल्यानंतर मनात टोचते, 'तो नाही आणि मी हसतेय.' त्या क्षणी गेलेल्याचे नाव मोठ्याने घ्यावे, 'हे त्याला आवडले असते' किंवा 'यावर ती काय म्हणाली असती' एवढे बोलावे. आनंद आणि आठवण एकाच वाक्यात आली की अपराधीपणाला फारशी जागा उरत नाही.

नाते तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा समजही आता मागे पडला आहे. १९७१ मध्ये वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी सुमारे तीनशे विधवा-विधुरांना विचारले, तेव्हा जवळपास निम्म्यांनी सांगितले की जोडीदार जवळ असल्याचे जाणवते, कुणाला आवाज येतो, कुणाला दिसतोही. बहुतेकांनी हे आधी कोणालाच सांगितले नव्हते. हे वेड लागल्याचे लक्षण नाही. गेलेल्याशी मनात बोलणे, निर्णय घेताना त्यांचे मत आठवणे हे सुरू ठेवायला हरकत नाही.

वस्तूंच्या बाबतीत चूक दोन्हीकडून होते. नातेवाईक पंधरा दिवसांत कपाट रिकामे करून टाकतात, किंवा खोलीला कुलूप लागते ते वर्षानुवर्षे निघत नाही. तीन ढीग करावेत: ठेवायचे, द्यायचे आणि न ठरलेले. तिसरा ढीग खोक्यात भरून वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहावी आणि तोवर त्याबद्दल बोलू नये. मोबाइलमधले जपून ठेवण्याची मात्र घाई करावी. गेलेल्याचा क्रमांक बंद करण्याआधी आवाजी संदेश, फोटो आणि गप्पा दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. खाती मिटवण्यासाठी त्याच क्रमांकावर सांकेतिक आकडे (ओटीपी) येतात, तेव्हा ती कामे उरकेपर्यंत तो चालू ठेवावा. एकदा पुसला गेलेला आवाज परत मिळत नाही, आणि याची हळहळ फार काळ टिकते.

शरीराकडे दुर्लक्ष होते ते पहिल्याच आठवड्यात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जवळचे माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट आढळला. नंतर तो दिवसागणिक उतरत गेला. निरोगी तरुणासाठी मूळ धोकाच नगण्य असतो, त्यामुळे त्याने घाबरण्याचे कारण नाही. पण रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयरोग असलेल्या माणसाच्या गोळ्या नेमक्या याच दिवसांत चुकतात. घरातल्या एकाने फक्त गोळ्या, पाणी आणि जेवण ही जबाबदारी घ्यावी. छातीत दुखले तर 'दुःखामुळे असेल' म्हणून थांबू नये. झोपेसाठी उठण्याची वेळ पक्की ठेवावी, झोप कितीही वाजता लागली असली तरी. वीस मिनिटे डोळा लागला नाही तर उठून मंद उजेडात बसावे आणि पेंग आल्यावर परत आडवे व्हावे. दारूने लवकर डोळा लागतो, पण पहाटे झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खचते.

घरात लहान मूल असेल तर 'झोपले', 'गावाला गेले' असे सांगू नये. मूल झोपायला घाबरू लागते किंवा दारात वाट पाहत बसते. 'त्यांचे शरीर काम करायचे थांबले, ते आता परत येणार नाहीत' असे साध्या शब्दांत सांगावे आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर तेच उत्तर द्यावे. मूल दहा मिनिटे रडून लगेच खेळायला जाते. मोठ्यांना धक्का बसतो, पण वर म्हटलेली ये-जा मुले न शिकवता करत असतात.

आमच्या व्यवसायाला सोयीचे नसले तरी सांगायला हवे: बहुतेक शोकग्रस्तांना समुपदेशकाची गरज लागत नाही. कोणाला लागते, हे मात्र ओळखता यायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात किमान सहा महिन्यांनंतर, तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०२२ च्या नियमावलीत प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांनंतर 'दीर्घकालीन शोक' हे निदान करता येते. जवळजवळ रोज तीव्र ओढ, मृत्यूवर विश्वासच न बसणे, आपलाच एक भाग गेला असे वाटणे, आयुष्य निरर्थक भासणे, आणि या सर्वांमुळे काम व नाती ठप्प होणे ही त्याची खूण. त्यासाठी सुमारे सोळा बैठकींची खास उपचारपद्धती आहे आणि चाचण्यांमध्ये तिचा उपयोग दिसला आहे. नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी ही ओढ फारशी कमी होत नाही. सोबत नैराश्य असेल तर त्यावर त्या काम करतात. जीव द्यावासा वाटणे याला मात्र कसलीही मुदत नाही. 'त्यांच्याकडे जावेसे वाटते' असे कोणी म्हणाले तर सरळ विचारावे: 'जीव देण्याचा विचार येतो का? कसा, कधी, हे ठरवले आहे का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

राहिले मित्र आणि आप्त. 'काही लागले तर सांग' या वाक्याने मागण्याचे काम शोकग्रस्तावरच पडते आणि तो मागत नाही. 'गुरुवारी सहाला येतो, अर्धा तास बसतो, नको असेल तर तसे कळव' हे जास्त उपयोगी. पहिल्या पंधरवड्यात घर माणसांनी भरलेले असते आणि तिसऱ्या महिन्यात दाराची घंटा वाजत नाही. म्हणून आजच फोनमध्ये सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, गेलेल्याचा वाढदिवस आणि पहिला स्मृतिदिन यांच्या आठवणी लावून ठेवाव्यात. स्मृतिदिनाची त्याच दिवशी नव्हे तर दोन-तीन दिवस आधीची, कारण अनेकांना तारखेपेक्षा तिच्या अलीकडचे दिवस जड जातात. संदेशात गेलेल्याचे नाव लिहावे, एखादा किस्सा लिहावा, विनोदी असला तरी चालेल. उत्तर आले नाही तर दोन आठवड्यांनी पुन्हा लिहावे.

— शोक-समुपदेशनाचे काम करणारे काही वाचक