तांबेरा पानात शिरतो कसा, हे मराठीत छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मी निपाणी भागातला शेतकरी, सोयाबीन करतो. आमच्याकडं ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस आणि गारवा लागून राहिला की तांबेरा हा बुरशीचा रोग येतोच, पान उलटं करून बघितलं की तपकिरी फोड दिसतात, बोटाला भुकटी लागते आणि बघता बघता पानगळ सुरू होते. दोन वर्षांमागं एका दुकानातनं मला ह्यावर अळीचं औषध दिलं, मी तेच मारलं, पैसे गेले आणि शेंगाही भरल्या नाहीत. तेव्हापासनं ही बुरशी पानात घुसते तरी कशी हे समजून घ्यायच्या मागं लागलोय. पोरगी बेळगावात बीएस्सीला आहे, ती इंग्लिशमधलं वाचून मला सांगते.

तिनं सांगितलेली एक गोष्ट डोक्यातनं जात नाही बघा. १९८७ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या हार्वे हॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी, कॉम्प्युटरची चिप करतात तसे सिलिकॉनवर बारीक कंगोरे कोरले, त्यांचे प्लॅस्टिकमध्ये ठसे घेतले आणि त्यावर घेवड्याच्या तांबेऱ्याची बुरशी वाढवली. कंगोरा अर्धा मायक्रॉन उंच असला, म्हणजे केसाच्या जाडीचा शंभरावा भाग पण नाही, की बुरशी तिथंच थांबून आत शिरायची तयारी करायची, कारण घेवड्याच्या पानावर रंध्राच्या, म्हणजे पान ज्यातनं श्वास घेतं आणि ही बुरशी जिथनं आत शिरते त्या बारीक छिद्राच्या, कडेची उंची साधारण तेवढीच असते. सपाट जागेवर मात्र ती नुसती पुढं पुढं सरकायची. म्हणजे ती पान चाचपून ओळखते! सोयाबीनचा तांबेरा वेगळा, तो रंध्र शोधत बसत नाही, थेट पानाची वरची कातडी फोडून आत जातो.

आता आत गेलेली बुरशी दिसणार कशी? तर गव्हाच्या अंकुरातलं एक प्रोटीन बुरशीच्या अंगातल्या कायटिन नावाच्या घटकाला चिकटतं, त्याला चमकणारा रंग जोडतात आणि ठरावीक प्रकाशात मायक्रोस्कोपखाली बघतात, मग बुरशीचा धागान् धागा उजळून दिसतो. काही प्रतिकारक वाणांत बुरशी शिरलेल्या जागेच्या पेशी स्वतः मरून तिची वाट अडवतात, त्या मेलेल्या पेशी पण वेगळ्या चमकतात. एक अडचण म्हणजे पानातलं हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं, म्हणून रंग त्यात मिसळणार नाही असा निवडायला लागतो. हे घरात पण बघता येतं, पालक ठेचून स्पिरिटमध्ये गाळा आणि अंधारात नोटा तपासायची जांभळी बॅटरी मारा, हिरवा रस लाल दिसतो. आमच्या गल्लीतली पोरं हे बघून बॅटरी सोडायलाच तयार नव्हती.

धारवाडच्या कृषी विद्यापीठानं डीएसबी २१ हे तांबेऱ्याला तोंड देणारं वाण दिलंय, पण ते का टिकतं हे मराठीत सांगणारं एक पानही माझ्या हाताला लागलं नाही. निपाणी, चिकोडी, खानापूर भागात घरात मराठी बोलणारे शेतकरी किती आहेत हे तुम्हाला मी काय सांगायचं. तर विनंती एवढीच की तुमच्या शेतीच्या पानावर हा विषय मायक्रोस्कोपच्या रंगीत फोटोंसह घ्या, जाणकार माणसाकडनं मराठीत लिहून घ्या, आणि मे महिन्यातच छापा, कारण जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत पेपर वाचायला कुणालाच सवड नसते.

आपला,
एक सोयाबीन शेतकरी, निपाणी